सातचा हरिपाठ : कोपरखैरण्यातील एका माळकरी घराचे प्रकरण

मी नवी मुंबईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत समुपदेशक आहे. पुढील प्रकरण 2024-25 या शैक्षणिक वर्षातले आहे. कुटुंबाने लिहिण्यास परवानगी दिली, मात्र ओळख पटेल असे काही येऊ नये या अटीवर. म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि माणसांचा उल्लेख घरातल्या हाकेने किंवा नात्याने केला आहे. आजोबा ते तात्या, वडील ते बापू, आई त्या वहिनी (मी त्यांना तसेच म्हणते), दहावीतली मुलगी ती थोरली आणि पाचवीतला मुलगा तो धाकटा. या प्रकरणात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आणि ते लिहून काढण्याचे मुख्य कारण तीच आहे.

पार्श्वभूमी

तात्या मूळचे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले. तरुणपणी ते मुंबईच्या बंदर भागात हमालीला आले, 1969 च्या माथाडी कायद्यानंतर हमालांच्या टोळीत त्यांची नोंद झाली आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला घाऊक कांदा-बटाटा बाजार तुर्भ्याला हलला तेव्हा त्यांचा संसारही खाडीच्या या बाजूला आला. कोपरखैरण्यातल्या माथाडी वसाहतीत त्यांना बैठे घर मिळाले. आज ते 74 वर्षांचे आहेत. बापू 45 वर्षांचे, त्याच बाजारात, वडिलांच्याच टोळीत. पहाटे पाचला घर सोडायचे आणि दुपारी चार-साडेचारला परत यायचे, असा त्यांचा दिवस असतो.

घर म्हणजे खाली दहा बाय बाराची खोली व स्वयंपाकघर, आणि लोखंडी जिन्याने चढायची वरची एक खोली, जी दोन नोकरदार मुलांना दरमहा सात हजार रुपयांनी भाड्याने दिलेली आहे. मुलांची शाळा, क्लास आणि गॅस हे सगळे त्या सात हजारांतून भागते.

या घरात रोज संध्याकाळी सातला हरिपाठ होत असे. बापू चटई अंथरत, समई लावत आणि पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावत. त्यासाठी वहिनी पोळ्यांची कणीक मळतानाच लिंबाएवढा गोळा वाटीत काढून ठेवत. गल्लीतले चार-पाच माळकरी येत. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे 27 अभंग टाळ-पखवाजासह चालीवर म्हणायचे, शेवटी आरती आणि मग सगळ्यांना चहा, असा हा पाऊण तासाचा नेम होता. एकादशीला तो सव्वा तासावर जाई. घरात जो असेल त्याने टाळ हातात घ्यायचा, हा नियम कोणी कधी बोलून दाखवला नव्हता, पण तो मोडल्याचेही कोणाला आठवत नव्हते.

समस्या माझ्यापर्यंत कशी आली

दिवाळीची सुट्टी संपल्यावर, नोव्हेंबर 2024 मध्ये, वर्गशिक्षिकेने थोरलीला माझ्याकडे पाठवले. सहामाहीत गणिताचे गुण 80 पैकी 29 वर आले होते, नववीपर्यंत ते साठीच्या घरात असत. शिवाय ती तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकून झोपते, अशी तक्रार होती. वर्गशिक्षिकेच्या चिठ्ठीत एक वाक्य अधोरेखित होते: घरी रोज भजन असल्याने अभ्यास होत नाही असे मुलगी सांगते.

मुलीचा दिवस मी तिच्याकडून तासागणिक लिहून घेतला. शाळा, मग साडेसहापर्यंत क्लास, पावणेसातला घरी, सात ते पावणेआठ हरिपाठ, त्यानंतर चहा आणि कपबश्या, मग आईला स्वयंपाकात मदत, साडेनऊला जेवण. खोली रिकामी होऊन अभ्यासाला बसेपर्यंत दहा वाजत. एकपर्यंत वाचायचे आणि सहाला उठायचे. बाकावरच्या झोपेचा उलगडा एवढ्यात झाला.

तिच्या भूमितीच्या वहीत समासात पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या आणि एक आडवी असे पाच गठ्ठे, आणि शेवटी दोन सुट्या रेघा. जवळजवळ प्रत्येक पानावर. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “कितवा अभंग चाललाय ते.” प्रमेय सोडवायला वही उघडून बसलेली मुलगी एका हातात टाळ धरून दुसऱ्या हाताने अभंग मोजत होती. या रेघांमध्ये नंतर मला काहीबाही खोल अर्थ शोधावासा वाटला, पण तिने सरळ सांगितले की कंटाळा येतो आणि अजून किती राहिले हे कळले की बरे वाटते. ती देव मानते का, असे मी विचारले नाही. तिनेच सांगितले की विठ्ठलाविषयी तिची काही तक्रार नाही. “पहिल्याच अभंगात देवाच्या दारी क्षणभर उभं राहायला सांगितलंय. मग आमच्याकडे पाऊण तास का?” असा तिचा प्रश्न होता. मला हसू आले आणि प्रश्न पटलाही. नेमके इथेच मी समस्येचे नाव ठरवून टाकले: वेळ आणि आवाज.

पहिल्या फेरीतले पर्याय

वहिनींशी शाळेत बोलणे झाले. त्यात चार मार्ग पुढे आले. थोरलीने हरिपाठात टाळ धरू नये, एवढी सूट मागणे सोपे होते. पण खोली तीच, पखवाज तोच, म्हणजे उपयोग शून्य. वरची खोली रिकामी करून घ्यायची तर भाडे बुडणार आणि अनामत रक्कम परत करावी लागणार, जी केव्हाच खर्च झाली होती. वाचनालयाच्या अभ्यासिकेत पाठवायचे तर साडेआठला मुलीने एकटीने परत येणे वहिनींना मान्य नव्हते. उरला चौथा मार्ग: परीक्षा होईपर्यंत हरिपाठ गल्लीच्या टोकाच्या विठ्ठल मंदिरात हलवावा. तिथे रोज त्याच वेळी हरिपाठ होतच असे.

हा चौथा मार्ग मला आवडण्यामागे माझी स्वतःची घडणही होती, हे नोंदवणे भाग आहे. माझ्या माहेरी दिवेलागणीला शुभंकरोति म्हणायचे, मोठ्यांच्या पाया पडायचे आणि दोन मिनिटांत मोकळे व्हायचे. दहा बाय बाराच्या खोलीतला पाऊण तासाचा पखवाज मला म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला. तसे मी कोणाला म्हटले नाही, तरी ते माझ्या डोक्यात होते आणि त्यामुळे काही प्रश्न मी विचारलेच नाहीत.

मी घरी गेले. तात्यांसमोर विषय कसा काढावा याची बरीच तयारी केली होती; तिची गरजच पडली नाही. त्यांनी ऐकून घेतले, नातीकडे पाहिले आणि म्हणाले, “पोरीचं वर्ष आहे. देवळात बसू.” बापू भिंतीला टेकून होते, ते काहीच बोलले नाहीत. निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मॅडम, घरातच राहिला असता तर बरं झालं असतं.” मी त्याचा अर्थ असा लावला की घरचा नेम मोडल्याची रुखरुख त्यांना लागली आहे. तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, असे सांगून मी त्यांची समजूत काढली.

प्रकरणाचा हा पहिला निर्णयबिंदू. ज्याच्यावर मी हट्टाचा संशय घेतला होता तो माणूस एका वाक्यात तयार झाला, ज्याचा पखवाज होता तो गप्प राहिला, आणि जिला सर्वाधिक सुटका मिळणार होती ती बाई नको म्हणाली. तिन्ही गोष्टी माझ्या अंदाजाच्या उलट होत्या. अंदाज तपासण्याऐवजी मी काम सोपे झाले म्हणून खूश होऊन परतले.

डिसेंबर आणि जानेवारी

1 डिसेंबरपासून घरातला हरिपाठ बंद झाला. थोरली सातला अभ्यासाला बसू लागली, साडेअकराला झोपू लागली, आणि जानेवारीच्या सराव परीक्षेत गणितात 47 गुण आले. माझ्या नोंदवहीत या प्रकरणापुढे मी ‘समाधानकारक’ असे लिहिले.

घरात काय चालले होते ते मला 30 जानेवारीला कळले. तात्या रोज देवळात जात होते. बापू पहिले पंधरा दिवस गेले आणि मग जाईनासे झाले. देवळात पखवाजावर दुसरे एक जण वर्षानुवर्षे बसत आले होते; बापूंना तिथे मागच्या रांगेत टाळ मिळे. घरी चटई अंथरण्यापासून आरतीपर्यंत सगळे त्यांच्या हाताने होत होते, देवळात त्यांच्यावाचून काहीच अडत नव्हते. साडेचारला कामावरून आलेल्या माणसाला रात्रीच्या जेवणापर्यंत करण्यासारखे काही उरले नाही. मुलीचा अभ्यास चालू म्हणून दूरदर्शन संचही बंद असे. मग ते बाहेर पडू लागले.

जानेवारीच्या चौथ्या आठवड्यातल्या एका बुधवारी वहिनी दिवा लावायला देव्हाऱ्यापाशी गेल्या, तर विठ्ठलाच्या तसबिरीपुढे बापूंची तुळशीची माळ काढून ठेवलेली होती. माळकरी माणूस माळेसह दारूला शिवत नाही. आधी माळ उतरवतो. वहिनींना कोणी काही सांगण्याची गरज नव्हती. तीन दिवसांनी एकादशी होती, त्या दिवशीही बापू पिऊन आले. वहिनींनी मला फोन केला तो त्यानंतर पाच दिवसांनी, कारण परीक्षेच्या तोंडावर शाळेत कळायला नको असे त्यांना वाटत होते.

जे मला माहीत नव्हते

त्या फोननंतर मी पुन्हा घरी गेले आणि जे पहिल्या भेटीत विचारायला हवे होते ते विचारले: हा हरिपाठ घरात कधीपासून आणि कशासाठी सुरू झाला?

2015 पूर्वी घरात हरिपाठ होतच नव्हता. तात्या माळकरी होते, वारी करत होते, पण संध्याकाळी देवळात जाऊन बसत. बापू तेव्हा रोज पीत. पगाराच्या दिवशी घरी पैसे येत नसत आणि एकदा ते बाजाराच्या रस्त्यावर रात्रभर पडून होते. 2015 च्या आषाढीला तात्या त्यांना पंढरपूरला घेऊन गेले आणि तिथे त्यांनी माळ घातली. माळ म्हणजे मांसाहार नाही, दारू नाही, एकादशी मोडायची नाही, वारी चुकवायची नाही. परत आल्यावर तात्यांनी पखवाज विकत आणला, देवळात जाणे सोडले आणि हरिपाठ घरात सुरू केला.

“बाई, माझ्यापायी तो कधीच नव्हता,” तात्या म्हणाले. “मी गोणी पाठीवर घेऊन पण मनात म्हणत आलोय. ह्याचे सात ते आठ भरायला पाहिजे होते. सातलाच पाय बाहेर पडायचे त्याचे.”

मग तुम्ही मला तेव्हाच का सांगितले नाही, असे मी विचारले. उत्तर द्यायला त्यांनी वेळ घेतला. सुनेसमोर, नातवंडांसमोर आणि परक्या बाईसमोर पोराची जुनी गोष्ट काढून त्याला लहान करायचे नव्हते. शिवाय नऊ वर्षे झाली, आता तो उभा राहील, असेही वाटले. आणि नातीचेही घर आहेच की. ही तिन्ही कारणे खरी होती असे मला वाटते. त्यांनी एका प्रार्थनेला दोन जणांत तोलून पाहिले आणि नातीच्या बाजूने कौल दिला. मी मात्र ती वेळापत्रकातली एक ओळ समजले होते.

वहिनींची गोष्ट वेगळीच निघाली. नऊ वर्षे रोज दुपारी नवरा दारात आला की त्या आधी त्याच्या गळ्याकडे बघत. माळ दिसली की पाणी द्यायला आत वळत. हरिपाठात त्या कधी बसल्या नव्हत्या, कारण तो वेळ स्वयंपाकाचा आणि नंतर चहाचा. घरातल्या उपासनेबद्दल मी सगळ्यांशी बोलले होते, त्यांच्याशी सोडून.

दुसऱ्या फेरीतले पर्याय

आता दोन प्रश्न एकत्र होते आणि परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. लेखी परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू होणार होती.

तात्यांचा पहिला विचार असा की बापूंना लगेच पंढरपूरला नेऊन पुन्हा माळ घालावी. एकदा लागू पडलेला उपाय पुन्हा आठवणे स्वाभाविक होते. मी ठामपणे आधी डॉक्टर असे म्हटले. रोज पिणाऱ्या माणसाने एकदम दारू सोडली तर हातापायांची थरथर, घाम, झोप न लागणे आणि काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येणे हे शरीराचे परिणाम असतात. तिथे शपथेला काही करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दारूचे अवलंबित्व हा आजार म्हणून नोंदलेला आहे, हे मी तात्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले की आजार तर आजार, पण पथ्य कोण पाळून घेणार? प्रश्न रास्त होता. 2015 मध्ये बापूंनी कोणत्याही औषधाशिवाय दारू सोडली, हे नशीब म्हणायचे. तो उपचाराचा नमुना म्हणून पुढे करता येणार नाही.

मानसोपचार विभागात दाखवले. या वेळी पिण्याचा काळ थोडा असल्याने भरती करावे लागले नाही, गोळ्या सुरू झाल्या आणि दर आठवड्याला भेट ठरली. महिनाभर निवासी केंद्रात राहणे हा पर्याय डॉक्टरांनी मांडला होता; महिन्याची मजुरी बुडेल म्हणून बापूंनी नकार दिला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या संघटनेच्या सभा मोफत असतात, मराठीतही होतात आणि त्यांतही प्रार्थना असते, म्हणून बापू तिथे रमतील अशी माझी अटकळ होती. ते दोनदा गेले. नंतर मला म्हणाले, “कीर्तनात दुसऱ्याची गोष्ट सांगतात, मॅडम. तिथं आपली सांगावी लागते.” पुढे त्यांनी जाणे सोडले. मी जास्त आग्रह केला नाही; तो करायला हवा होता का, याबद्दल मी अजून साशंक आहे.

हरिपाठ परत घरी आणायचा यावर आता सगळ्यांचे एकमत होते. अडचण दोन ठिकाणी होती: मुलीचा अभ्यास आणि माळ.

माळ उतरवलेल्या माणसाने हरिपाठात बसावे का

नेहमी येणाऱ्यांपैकी एका वयस्क माळकऱ्याने आक्षेप घेतला. ज्याने माळ काढून दारू घेतली त्याच्या हातच्या पखवाजावर आपण कसे म्हणायचे, असे त्यांचे म्हणणे होते. हा प्रश्न माझ्या कक्षेतला नव्हता आणि मी त्यात पडले नाही. तात्यांनी तो मनात घोळवला. मग त्यांनी निवाडा दिला की नियम माळेला आहेत, हरिपाठाला नाहीत; नाम घ्यायला कोणालाही मज्जाव नाही. त्याच वेळी बापूंनी लगेच पुन्हा माळ मागितली, तर तात्यांनी नकार दिला. डॉक्टर गोळ्या बंद करतील तेव्हा बघू, आषाढी लांब नाही, असे ते म्हणाले. आक्षेप घेणारे गृहस्थ पुढे कधी आले नाहीत. चाळीस वर्षांचा तो घरोबा होता.

या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत अचूक निर्णय मला हाच वाटतो आणि तो समुपदेशकाने घेतलेला नाही. हरिपाठ आधी आणि माळ नंतर, असा क्रम लावल्यामुळे बापूंना संध्याकाळ लगेच परत मिळाली, आणि दिलेला शब्द मोडला तरी चार दिवसांत तो पुन्हा मिळतो अशी सवलत मात्र मिळाली नाही. श्रद्धेच्या आतूनच हा तोल साधला गेला. बाहेरून सांगणाऱ्याने एकतर सगळे माफ करा असे सांगितले असते, नाहीतर सगळे सोडा.

मुलीला किती सांगायचे

2 फेब्रुवारीच्या रविवारी घरात बैठक झाली. तिच्याआधी माझा आणि वहिनींचा मतभेद झाला होता. हरिपाठ घरी परत का येतो आहे याचे खरे कारण थोरलीला सांगू नये, असे माझे मत होते. तुझ्या अभ्यासामुळे वडील पुन्हा प्यायला लागले, असा अर्थ तिने काढला तर ते ओझे परीक्षेच्या तोंडावर तिला झेपणार नाही, आणि वडिलांवर पहारा ठेवण्याचे काम नकळत तिच्या गळ्यात पडेल, ही माझी भीती होती. वहिनींचे म्हणणे होते की एका खोलीच्या घरात काही लपत नसते.

वहिनी बरोबर होत्या. विषय निघण्याआधीच थोरली म्हणाली की तिला सगळे आठवते, 2015 मध्ये ती सहा वर्षांची होती आणि बाबा रस्त्यावर पडले होते त्या सकाळी तिला शेजारी नेऊन ठेवले होते. तिला राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. “हरिपाठ बाबांसाठी आहे हे मला सांगितलं असतं तर मी मोजत बसले नसते. मला वाटायचं, आमच्या घरात देव म्हणजे नियम.” यावर धाकट्याने मोजायचे म्हणजे काय असे विचारले आणि बैठकीतला ताण जरा सैल झाला.

व्यवस्था तिनेच सुचवली. तिच्या वर्गातल्या गल्लीतल्या आणखी दोन मुलींना घेऊन अभ्यासिकेत जायचे आणि साडेआठला तात्यांनी तिघींना घेऊन यायचे. नोव्हेंबरमध्ये हाच मार्ग आम्ही ‘एकटी कशी येईल’ या एका वाक्यावर बाजूला ठेवला होता. दोन मैत्रिणी आणि एक आजोबा तेव्हाही गल्लीतच होते. मी एका गोष्टीवर अडून राहिले: आणण्याचे काम बापूंना द्यायचे नाही, म्हणजे मुलीची वेळ आणि वडिलांचे सावरणे एकमेकांत अडकणार नाही. टाळ धरण्याचा नियमही त्या दिवशी सुटला. ज्याला बसायचे त्याने बसावे. वहिनींनी चहा बंद केला, याची नोंद मी आनंदाने करते.

त्या संध्याकाळी वाटीत पुन्हा कणकेचा गोळा निघाला.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या भेटीत एकच प्रश्न पुरला असता: हा नेम कधी सुरू झाला? घरातली उपासना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ती घरातल्या थोरल्या लेकरापेक्षाही लहान होती. कुटुंबातली कोणतीही प्रार्थना हलवण्याआधी, आखडण्याआधी किंवा बंद करण्याआधी ती त्या घरात नेमके कोणते काम करते आहे आणि ते काम उद्या कोण करणार, हे मी आता विचारते. संध्याकाळचा दिवा कधी भांडणाला विराम देतो, कधी दिवसभर न बोलणाऱ्या दोघांना एका जागी आणतो, आणि कधी तो नुसता दिवाच असतो. न विचारता यातले काय ते कळत नाही.

नको म्हणणाऱ्या वहिनींना मी रुखरुख म्हणून वाटेला लावले, तिथे थांबून दोन मिनिटे बोलायला हवे होते. जिन्यापाशी, निघताना, हळू आवाजात सांगितलेली गोष्ट बहुधा मुख्य असते, हे आमच्या व्यवसायात सगळ्यांना माहीत असते आणि तरीही आम्ही चप्पल घालत असतो.

देवळात हरिपाठ हलवायचाच होता, तर पखवाज आठवड्यातून तीन दिवस बापूंकडे द्यावा अशी विनंती करता आली असती. तीही सुचली नाही, कारण बापू या माणसाचा मी विचारच केला नव्हता. माझ्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे फक्त ‘सहकार्य करतात’ असे होते.

एका मुद्द्यावर सहकाऱ्यांनी मला विचारले आहे की मुलीच्या हक्काचा अभ्यास आणि बापाचे व्यसन यांची सांगड घालून शेवटी मुलीलाच घराबाहेर काढले, हे न्याय्य आहे का? आक्षेप योग्य आहे. सात हजारांचे भाडे सोडता आले असते तर वरची खोली तिला मिळाली असती आणि हा लेख बराच छोटा झाला असता. जागेची अडचण श्रद्धेची अडचण म्हणून माझ्यासमोर आली, हेही या प्रकरणातले एक सत्य आहे.

पुढे काय झाले

परीक्षा चालू असताना, सामाजिक शास्त्रांचे दोन पेपर बाकी असताना, 14 मार्चच्या धुळवडीला बापू एकदा प्यायले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः डॉक्टरांना सांगितले आणि संध्याकाळी पखवाजावर बसले. तात्यांनी त्या दिवशी त्यांच्याशी एक शब्द बोलणे टाळले, पण वाटी समोर सरकवली. त्यानंतर आजपर्यंत घसरण झालेली नाही. ती पुढे होणार नाही असे मी म्हणत नाही. गोळ्या जूनमध्ये बंद झाल्या.

थोरलीला दहावीत 68 टक्के मिळाले, गणितात 54. ती हरिपाठात बसत नाही. घरात असली तर आरतीच्या वेळी बाहेर येते, हात जोडते आणि आत जाते, आणि त्याबद्दल तिला कोणी काही म्हणत नाही. धाकटा मात्र पखवाजाला हात लावू लागला आहे.

2025 च्या आषाढीला, 6 जुलैला, बापूंनी पंढरपूरला पुन्हा माळ घातली. तात्या दिंडीबरोबर चालत गेले होते, बापू एसटीने जाऊन त्यांना मिळाले. ते परतल्यावर वहिनींनी मला फोन केला. देव्हाऱ्यातली जुनी माळ चंद्रभागेत सोडली आणि नवी घेतली, असे त्या सांगत होत्या. या खेपेला मणी मोठे आहेत, त्या म्हणाल्या, गल्लीच्या टोकावरून येताना सुद्धा दिसतात.